शंटिंगच्या इंजिनाची वस्त्रगाळ माती

लांब पल्ल्याची गाडी ओढणारं इंजिन सगळ्यांच्या डोळ्यांत भरतं. यार्डात दिवसभर मागे-पुढे करणाऱ्या, सायडिंगमधून वाघिणी काढून रेक जुळवणाऱ्या शंटिंगच्या इंजिनाकडे कुणी मान वळवून बघत नाही. लघुरेल्वेच्या छंदात मात्र या बुटक्या इंजिनाला वेगळाच मान आहे. ते नीट बनवणं आणि त्याहून अवघड म्हणजे ते नीट मळवणं, ही कारागिरीची खरी परीक्षा मानली जाते.

महाराष्ट्रात लघुरेल्वे म्हटलं की पहिलं नाव भाऊसाहेब जोशी यांचं. पुण्यात कोथरूडला जी. ए. कुलकर्णी पथावर त्यांचं लघुरेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. तिथलं नगर ‘एचओ’ मापाचं आहे, म्हणजे खऱ्याचा सत्त्याऐंशीवा भाग. वाफेच्या गाडीपासून बुलेट ट्रेनपर्यंत सगळं तिथे एका दालनात धावतं. पोरं काचेला नाक लावून बघतात आणि त्यांना घेऊन आलेले आजोबाही. मराठी माणसाला हा छंद आपल्याही आवाक्यात आहे असं वाटायला लावलं ते याच दालनानं. त्याचं मोल मोठं आहे. पण त्या चकचकीत नगरातून बाहेर पडलं की मला ओढ लागते ती आपल्याकडच्या धुळकट यार्डाची.

नांदेड जिल्ह्यातलं आमचं भोकर मुदखेड–आदिलाबाद मार्गावर. निजामाच्या काळापासून हा मार्ग मीटरगेज होता, या शतकात तो ब्रॉडगेज झाला. तिकडे लातूरला तर त्याहून अरुंद रूळ: बार्शी लाईट रेल्वेचा, अडीच फुटांचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्यानं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी ही गाडी सुरू केली. १९११ मध्ये ती लातूरला पोहोचली, १९२७ मध्ये मिरजेला. कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हे त्याचं सूत्र. हलका रूळ, हलका खर्च. त्याची दमदार टाकी-इंजिनं लीड्सच्या किटसन कंपनीनं बनवली होती.

म्हणजे नांदेड-लातूरच्या टापूत रुळांची तिन्ही मापं नांदून गेली. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीनं हे घबाडच आहे. एचओ मापात मीटरगेज येतो साडेअकरा मिलिमीटरचा, आणि बाजारात बारा मिलिमीटरचा रूळ मिळतो. बार्शी लाईट येते पावणेनऊ मिलिमीटरची. तिला ‘एन’ मापाचा नऊ मिलिमीटरचा रूळ चालून जातो. म्हणून तयार ‘एन’ इंजिनाची चाकं-मोटर खाली घ्यायची आणि वरचं शरीर आपल्या हातानं उभं करायचं, हा सोपा मार्ग आहे. अडचण येते ती ब्रॉडगेजची. १६७६ मिलिमीटरचे सवाएकोणीस होतात आणि बाजारातला एचओ रूळ असतो साडेसोळाचा. त्यावर भारतीय इंजिन ठेवलं की ते अरुंद रुळावर अवघडून उभं राहिल्यासारखं दिसतं. काही जण ही तडजोड पत्करतात, काही जण स्वतः रूळ ठोकतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

शंटिंगचं इंजिन बनवायचं तर माझी निवड डब्ल्यूडीएस-४. चित्तरंजनच्या कारखान्यात घडलेलं हे डिझेल-हायड्रॉलिक इंजिन. सहा चाकं, आणि ती वाफेच्या इंजिनासारखी बाहेरून दांड्यांनी जोडलेली. त्याचं ट्रान्समिशन मनमोहन सुरी या भारतीय अभियंत्याच्या रचनेचं. बंदरं, पोलाद कारखाने, रेल्वेची यार्डं अशा ठिकाणी या इंजिनांनी हयात घालवली. आता फार थोडी उरली आहेत. डिझेलचा आवाज आणि दांड्यांची लय एकाच ठिकाणी अनुभवायला मिळते ती अशा यंत्रात.

शरीर प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं किंवा पितळेचं. अलीकडे थ्रीडी छपाईनंही होतं. खऱ्या इंजिनाचा कठडा इंचभर जाडीच्या नळीचा असेल तर इथे त्याला तीन दशांश मिलिमीटरची तार लागते. पण दिसण्याआधी चालणं महत्त्वाचं, आणि छोट्या इंजिनाची गोची तिथेच होते. चाकं कमी, वजन कमी. रुळावर जरा धूळ बसली की वीज तुटते आणि इंजिन सांध्यावर अडकतं. म्हणून सगळ्या चाकांतून वीज घ्यायची, रिकाम्या जागी शिसं भरायचं आणि मोटरला भरपूर गिअर द्यायचे. शंटिंगची वेगमर्यादा साधारण ताशी १५ किलोमीटर. एचओ मापात तो वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरही भरत नाही. एवढ्या संथपणे, न अडखळता सरकणारं इंजिन बघितलं की ते बनवणाऱ्याचा हात कळतो.

मग येतं मळवणं, छंदातल्या मंडळींच्या भाषेत ‘वेदरिंग’. ही कला ज्यांनी रुजवली त्यांत कॅलिफोर्नियातले जॉन ॲलन अग्रणी. त्यांच्या ‘गोरी अँड डिफीटेड’ या लघुरेल्वेवर डबे लावायला एक स्टेगोसॉरस डायनोसॉरही होता, एम्मा नावाचा! पण त्याच रेल्वेवरचा गंज, काजळी आणि जुनाट लाकूड इतकं खरं होतं की १९७३ मध्ये ॲलन गेल्यानंतरही लोक त्यांची छायाचित्रं अभ्यासतात.

इंजिन मळवायचं म्हणजे त्यावर तपकिरी रंग फासायचा, असा नवख्यांचा समज असतो. खरं तर प्रत्येक डागाला कारण लागतं. बिडाच्या ब्रेकब्लॉकचा भुगा उडतो म्हणून चाकांच्या आसपास तांबूस-तपकिरी थर. चाक घसरू नये म्हणून वाळू सोडतात, त्या नळीच्या तोंडाशी फिकट राखाडी. डिझेल भरताना सांडतं, म्हणून टाकीच्या तोंडाखाली काळा, ओला चमकणारा ओघळ. दांड्यांच्या सांध्यांवर ग्रीस आणि त्यात रुतलेली धूळ. धुराड्यामागे काजळी. पायरीच्या कडेला बुटांनी रंग उडून पत्रा उघडा पडलेला. आणि कठड्यावर, जिथे शंटिंग करणारा माणूस रोज हात धरून उभा राहतो तेवढ्याच वीतभर जागी, गंज अजिबात नाही. तिथे घासून चकाकी आलेली असते. मला विचाराल तर मॉडेलमध्ये माणूस न बसवताही माणूस दिसतो तो या वीतभर चकाकीत.

रंगाचंही एक गणित आहे. एक मीटरवरून एचओ मॉडेल बघणं म्हणजे खरं इंजिन ८७ मीटरवरून बघणं. अंतरानं रंग विटके दिसतात. म्हणून रंगाच्या डब्यातला लाल तसाच मारला तर इंजिन खेळण्यासारखं दिसतं. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. मराठवाड्याच्या उन्हात उभं राहिलेलं इंजिन दाखवायचं तर आणखी थोडा, विशेषतः टपावर.

शेवटचा हात धुळीचा. परदेशी रंगपावडरींच्या महाग बाटल्या मिळतात, पण त्या धुळी दुसऱ्या मुलखांच्या. आपली काळी माती वाळली की करडी होते, भिजली की जवळजवळ काळी. ती उन्हात खडखडीत वाळवून, कुटून वस्त्रगाळ करायची आणि मऊ कुंचल्यानं इंजिनाच्या खालच्या अंगाला बसवायची. त्याआधी एक काम न विसरता करायचं: मातीवरून लोहचुंबक फिरवायचं. आपली माती बेसॉल्टच्या काळ्या खडकापासून झालेली. त्यात मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात. चुंबकाला ते केसाळ मिशीसारखे चिकटून येतात. काढले नाहीत तर मोटरमधलं चुंबक त्यांना ओढून घेतं आणि इंजिनाचा जीव जातो.

एवढ्या खटाटोपानंतर ते चालवायला मोठं दालन लागतं असं नाही. ॲलन राइट या इंग्रज छांदिष्टानं ‘इंगलनूक’ नावाची मांडणी सुचवली: तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतील, उरलेल्या दोघींत तीन-तीन. एकूण आठ वाघिणींपैकी पाच, चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमानं जोडायच्या. असे क्रम ६,७२० होतात. चार-पाच फूट लांब आणि फूटभर रुंद फळीवर हे सगळं बसतं. भोकरच्या दोन खोल्यांच्या घरातही एवढी फळी मावते.

लागते ती माहिती, आणि ती झपाट्यानं हातची जाते आहे. मीटरगेजचे रूळ उखडले, बार्शी लाईटचे उखडले. त्या यार्डांतून काम केलेली माणसं म्हातारी झाली. मुदखेड, पूर्णा, लातूर, कुर्डुवाडी इथे ज्यांच्या घरी निवृत्त ड्रायव्हर, फिटर, पॉइंट्समन आहेत त्यांनी त्यांच्याजवळ बसावं. इंजिनाचा रंग नेमका कोणता होता, तेल कुठून गळायचं, हात कुठे धरायचे, हे विचारून लिहून ठेवावं. जुने फोटो असतील तर मागे ठिकाण आणि साल घालावं. कुठे जुनं इंजिन मांडून ठेवलेलं असेल तर परवानगी काढून, टेप घेऊन जावं आणि त्याची मापं उतरवावीत.