चुकलेल्या थरावरची शिस्त

सिलिकॉनचा स्फटिक एका ठरावीक दिशेने कापला, की पृष्ठभागावरच्या अणूंचे काही बंध तुटून मोकळे राहतात. मोकळा बंध म्हणजे अडकून पडलेली ऊर्जा. ती कमी करण्यासाठी तापवलेला पृष्ठभाग निवताना आपली मांडणीच बदलतो. दर 49 अणुस्थानांचा एक समभुज चौकोन बनतो, त्याची बाजू जेमतेम 2.7 नॅनोमीटर. या चौकोनात मोकळे बंध 49 ऐवजी 19 च उरतात. अभ्यासक या मांडणीला ‘सात बाय सात’ म्हणतात.

श्लायर आणि फार्न्सवर्थ यांना 1959 साली इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनात ही सातपट पुनरावृत्ती दिसली. अणू नेमके कुठे बसलेत, हे कोडे मात्र पुढे पाव शतक सुटले नाही. आयबीएमच्या झुरिच प्रयोगशाळेत गेर्ड बिनिग आणि हाइनरिश रोहरर यांनी आपल्या नव्या सूक्ष्मदर्शकाची सुई या पृष्ठभागावरून फिरवली. रेकॉर्डरने कागदावर ओढलेल्या रेषा त्यांनी कात्रीने कापल्या, प्लेक्सिग्लास आणि खिळे घेऊन त्यांची उठावाची प्रतिकृती जोडली. प्रत्येक चौकोनात बारा उंचवटे आणि कोपऱ्यांत खोल खळगे होते. हे चित्र 1983 साली प्रसिद्ध झाले, 1986 साली दोघांना नोबेल मिळाले. अणू पाहण्याच्या इतिहासात मला हा कात्री-खिळ्यांचा प्रसंग सर्वांत प्रिय आहे.

संपूर्ण उलगडा जपानच्या ताकायानागी आणि सहकाऱ्यांनी 1985 साली केला. चौकोनाचे दोन त्रिकोण पडतात. एका त्रिकोणात वरचा थर खालच्या थरावर जसा बसायला हवा तसा बसतो, दुसऱ्यात तो चुकून बसतो. या पृष्ठभागावर धातूचे अणू सोडले की त्यांचे छोटे पुंजके बनतात, आणि त्या पुंजक्यांची सगळी गोष्ट या चुकीभोवती फिरते.

आता या पृष्ठभागावर इंडियम या धातूची वाफ अगदी हळू सोडायची. त्याआधी स्वच्छतेची तयारी मोठी असते. हवेचा दाब वातावरणाच्या एक अब्जांश इतका उतरवला, तरी सेकंदाभरात सिलिकॉनवर वायूच्या रेणूंचा थर चढू शकतो. म्हणून दाब त्याहूनही हजारो पट कमी करावा लागतो, तेव्हा कुठे कामाला काही तास मिळतात. मग सिलिकॉनची चकती क्षणभर सुमारे 1200 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून जुना ऑक्साइड उडवून लावायचा आणि सावकाश निववायची.

खाली उतरलेला धातूचा अणू आपल्या त्रिकोणात सहज हिंडतो. शेजारच्या त्रिकोणात जायचे तर मात्र उंच उंबरठा ओलांडावा लागतो. चकती थोडी गरम असेल तर तो ओलांडता येतो, आणि चुकलेल्या थराच्या त्रिकोणात ऊर्जा जरा कमी लागत असल्याने अणू तिथे रमतात. खरी कसोटी तापमानाची. थंडीत अणू जिथल्या तिथे अडकून वेडेवाकडे ढीग होतात, फार उष्णता दिली तर सात बाय सातची मांडणीच मोडते आणि धातू-सिलिकॉनची वेगळीच रचना उभी राहते.

मधल्या तापमानात जे घडते ते बीजिंगच्या भौतिकशास्त्र संस्थेतील शुए ची-कुन आणि सहकाऱ्यांनी 2002 साली दाखवले. प्रत्येक पुंजक्यात नेमके सहा इंडियम अणू. पाच नाहीत, सातही नाहीत. सहाला बांधणी इतकी पक्की होते, की वाढ तिथेच थांबते. आधी चुकलेले त्रिकोण भरतात. तेव्हा पृष्ठभागावरच्या दर 49 स्थानांमागे सहा अणू झालेले असतात. धातू दुप्पट केला की उरलेले त्रिकोणही भरतात आणि पुंजक्यांची नक्षी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी होते. ॲल्युमिनियम आणि सोडियमचेही असे पुंजके मिळाले आहेत.

हिशेब मांडून पाहा. एक चौरस सेंटिमीटर चकतीवर असे सुमारे 32 लाख कोटी त्रिकोण असतात. प्रकाशाने किंवा इलेक्ट्रॉनांच्या झोताने एकेक आकृती कोरणाऱ्या कोणत्याही तंत्राला ही संख्या आणि हा सारखेपणा आवाक्याबाहेरचा आहे. पुंजका इतका लहान असला, की एका अणूच्या फरकानेही त्याचे विद्युत व रासायनिक गुण बदलतात. त्यामुळे उत्प्रेरकांचा किंवा चुंबकीय साठवणुकीचा अभ्यास करणाऱ्याला एकाच मापाचे नमुने हवे असतात, आणि ते इथे मिळतात.

हवेत काढताच सिलिकॉनवर ऑक्साइड चढू लागतो, ही या कामातली मोठी अडचण. तरीही अणू मोजून वस्तू घडवण्याचा याहून स्वच्छ मार्ग मला तरी दुसरा दिसत नाही.