चार काड्यांचा चौकोन: खानदेशातील भूमिती आणि शिशुवर्ग

बालवाडीच्या भिंतीवरील आकारांच्या तक्त्यात त्रिकोण बहुधा तिन्ही बाजू सारख्या असलेला आणि आडव्या पायावर बसलेला असतो, तर आयत हमखास आडवा असतो. त्यामुळे आकाराबरोबर त्याची बैठकही मुलाच्या मनात ठसते, आणि सरळ बसलेला चौरस कोपऱ्यावर उभा केला की चार-पाच वर्षांचे मूल त्याला पतंग किंवा शंकरपाळा म्हणते. याला चूक म्हणणे अन्यायाचे होईल. पिएर व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डॉफ या डच शिक्षक दांपत्याने 1957 मध्ये उट्रेक्ट येथे सादर केलेल्या प्रबंधांतून भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकृती तिच्या एकंदर रूपावरून ओळखते. बाजू, कोन असे तिचे गुणधर्म वेगळे काढून पाहणे ही त्यापुढची पायरी. ही चढण वयाने आपोआप होत नाही, त्यासाठी तसे अनुभव मिळावे लागतात, हे त्यांच्या मांडणीतील सर्वांत मोलाचे सूत्र होय.

मारिया माँटेसरी यांच्या साधनांत लाकडी आकृत्यांचे खण असतात आणि त्रिकोणांच्या खणात समभुज, काटकोनी, विशालकोनी असे अनेक त्रिकोण एकत्र ठेवलेले असतात. मूल बोटाने त्यांच्या कडा गिरवते. महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभे करताना महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या वस्तू वापरल्या. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील अंगणवाड्यांनाही हीच वाट सोयीची आहे, आणि तिच्यासाठी लागणारा विचार खानदेशाला नवा नाही.

चाळीसगाव तालुक्यातील पाटण येथील शिलालेखात गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. 1207 मधील या मठाला निकुंभ घराण्याने दान दिले, आणि हा लेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांसमोर आणला. तेथील अध्ययन प्रौढांचे होते, बालकांचे नव्हे. तरीही भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’तील एक विचार शिशुवर्गाला थेट उपयोगी पडतो: केवळ चार बाजूंच्या लांब्या सांगून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, कारण बाजू त्याच ठेवूनही कर्ण, म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडणारी रेषा, बदलता येतो. कर्ण किंवा लंब न सांगता क्षेत्रफळ विचारणाऱ्याची भास्कराचार्यांनी फार कठोर शब्दांत संभावना केली आहे.

हा विचार हाताने अनुभवायला चार सारख्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे तुकडे पुरतात. अशा जोडण्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी देशभर परिचित केल्या आहेत. खानदेशात काड्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडाच्या, घेता येतात. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी रूप सोडत नाही, पण चार काड्यांचा चौरस एका बाजूला कलतो आणि काड्या तेवढ्याच राहूनही शंकरपाळा होतो. आता तेवढ्याच लांबीची पाचवी काडी कर्ण म्हणून बसवली, तर चौरस टिकत नाही, दोन समभुज त्रिकोण जुळून बसतात. चौरस उभा राखायचा तर पाचवी काडी बाजूपेक्षा लांब लागते. किती लांब, हे मूल काड्या मोडून, जुळवून स्वतःच शोधते. काटकोन हा शब्द कानावर येण्याआधी काटकोनाची गरज त्याच्या हाताला कळते, आणि शिक्षणाच्या दृष्टीने हाच क्रम योग्य आहे.

रावेर-यावल भागातील केळीच्या बागांत हाच धडा मोठ्या प्रमाणावर मांडलेला दिसतो. रोपे दोन्ही दिशांनी सारख्या, साधारण दीड मीटर अंतराने लावलेली असली, तर बांधासमोर उभे राहिल्यावर चार रोपांचा चौरस सरळ बसलेला दिसतो आणि बागेच्या कोपऱ्यावरून पाहिल्यावर तोच टोकावर उभा भासतो. येथे आकृती कोणी फिरवलेली नसते, पाहणारे मूल जागा बदलते. अशा बागेत मुलांना नेऊन दोन्ही जागांवरून पाहायला लावणे हे वर्षभर तक्ता गिरवण्यापेक्षा अधिक फलदायी ठरेल.

मूल्यमापनही त्याच अंगाने बदलायला हवे. मुलासमोर चिंचोळा त्रिकोण, उलटा त्रिकोण, वाकड्या बाजूचा तिकोनी तुकडा आणि एक कोपरा उघडा राहिलेली आकृती एकत्र ठेवून, यांतले त्रिकोण कोणते आणि ते कशावरून, हे त्याच्याच शब्दांत सेविकेने ऐकून घ्यावे.