स्किप इंट्रोपासून इन्स्टाग्रामपर्यंत

चित्रकार स्वतःची वेबसाइट करायला निघाला की ती करून देणारा पहिल्याच भेटीत सांगतो, "तुम्हाला आवडलेल्या चार साइट दाखवा." ही रीत वेबइतकीच जुनी असावी. पण त्या चार साइट गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कशा बदलत गेल्या हे पाहिलं, की चित्रकारांनी काय उचललं आणि कशाकडे काणाडोळा केला तेही दिसतं.

व्हीएसएनएलने 15 ऑगस्ट 1995 रोजी भारतात इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं. त्यानंतरच्या वर्षांत पाहायला मिळायची ती जिओसिटीजसारख्या फुकट जागांवरची पानं. काळी पार्श्वभूमी आणि तिच्यावर अंगठ्याएवढी चित्रं. चित्रं लहान ठेवण्यावाचून इलाज नव्हता. 56 केबीपीएसच्या मोडेमवर एक एमबीचं चित्र उतरायला, लाइन अगदी उत्तम मिळाली तरी, अडीच मिनिटं लागत. त्यामुळे मोजकीच चित्रं निवडावी लागायची. ब्रॉडबँड आलं आणि ही चांगली सवय सुटली.

मराठी मजकुराची पंचाईत वेगळीच. युनिकोड रुळण्याआधी 'आधी फॉन्ट उतरवून घ्या' असं वाचकाला सांगावं लागे. नाहीतर श्रीलिपी या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेल्या मजकुराचं चित्र करून ते पानावर चिकटवलं जाई. असा परिचय दिसायचा झकास, पण शोधणाऱ्याच्या हाती लागत नसे.

मग वेबपानावर हलती चित्रं आणि आवाज आणणारं फ्लॅश आलं. 1996 च्या अखेरीस मॅक्रोमीडियाने ते विकत घेतलं, 2005 मध्ये मॅक्रोमीडियाच अ‍ॅडोबीने घेतली, आणि मधल्या काळात 'आवडलेल्या चार साइट' म्हणजे फ्लॅशच्या साइट. साइट उघडली की आधी टक्के मोजणारी पट्टी. शंभर भरले की अंधारातून चित्रकाराच्या नावाचं एकेक अक्षर उमटणार, मागे बासरी किंवा सतार, रंगाचा एक थेंब टपकणार आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'स्किप इंट्रो'. पाहुणा सगळ्यात आधी तेच दाबायचा. चित्रकारांना मात्र फ्लॅश भावलं, कारण उजवं बटण दाबून चित्र उचलता येत नसे. चोरीची भीती रास्तच. पण त्याच बंदोबस्तामुळे एखाद्या क्युरेटरला एका ठरावीक चित्राची लिंकही सहसा कुणाला पाठवता येत नसे. घराला भक्कम कुलूप लावलं आणि पाहुणेही बाहेरच राहिले.

2007 च्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्सने खुलं पत्र लिहून ते का चालू देणार नाही हेही सांगितलं. 31 डिसेंबर 2020 ला अ‍ॅडोबीने फ्लॅशचा आधारच काढून घेतला. फ्लॅशमधल्या काही जुन्या साइट आज फक्त इंटरनेट आर्काइव्हमध्ये सापडतात, त्याही अर्ध्यामुर्ध्या.

गंमत म्हणजे फ्लॅशच्या ऐन भरात, 2003 मध्ये, वेब डिझायनर डेव्ह शेने 'सीएसएस झेन गार्डन' ही साइट उभी केली होती. मजकूर तोच ठेवून तिथे केवळ सजावट बदलून दाखवलेली असे. मजकूर नीट रचलेला असला की वेश केव्हाही बदलता येतो, हे तिथे डोळ्यांनी पाहता येत होतं. चित्रकारांच्या यादीत ती क्वचितच असे.

पुढे वर्डप्रेस, विक्स, स्क्वेअरस्पेस यांच्या तयार साच्यांनी सगळ्यांना एकसारखी पांढरी भिंत दिली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळ्या पडद्यापेक्षा ती बरी. 2010 मध्ये आलेल्या इन्स्टाग्रामने तर 2015 पर्यंत प्रत्येक चित्र चौरसात बसवायला लावलं. उभा कॅनव्हास एकतर कापा, नाहीतर बाजूला पट्ट्या लावा.

या सगळ्या वर्षांत माझ्या मते अभ्यासण्याजोगी साइट एकच म्हणायची, तर ती जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरची. दिसायला साधी. पण चित्र उघडा: साल, माप, माध्यम आणि सूचीतला क्रमांक. त्याच्या असंख्य चित्रांचं नाव 'अमूर्त चित्र' एवढंच आहे. क्रमांक नसता तर कोणतं कुठलं हे सांगणं कठीण. आपल्याकडे गायतोंडेंपासून आजच्या अमूर्तवाद्यांपर्यंत कितीतरी चित्रं 'शीर्षकहीन' आहेत. अशा चित्राची ओळख म्हणजे त्याचं साल आणि माप. तरीही आपल्याकडच्या अनेक साइटवर चित्राखाली नुसतं 'शीर्षकहीन' असतं आणि 'संपर्क'मध्ये एक फॉर्म, ज्याचं उत्तर येत नाही.

तुम्ही आज साइट आखत असाल, तर आवडलेल्या साइटचं मुखपृष्ठ सोडून द्या. तिच्यातलं एखादं आडबाजूचं चित्र उघडा, खालची ओळ वाचा, तेच पान मोबाइलवर पाहा, त्याची लिंक मित्राला पाठवून बघा. आणि डोमेन स्वतःच्या नावावर घ्या, डिझायनरच्या नाही.