आधी अंतर, मग लेन्स

फोटोग्राफी शिकायला लागलेल्या मुलामुलींच्या तोंडी वर्षभरातच एक प्रश्न येतो : पुढची लेन्स कोणती घेऊ? घरच्यांनी कॅमेऱ्यासाठीच पैशांची जुळवाजुळव केलेली असते. सोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स हातात असते आणि जो भेटेल तो वेगळं नाव सुचवतो. माझ्यापुरतं या प्रश्नाचं उत्तर मला हिवरे बाजारात मिळालं. पाण्यावरच्या प्रकल्पासाठी मी तिथे फोटो काढत होतो. किट लेन्स माझी होती, बाकीच्या मित्रमैत्रिणींकडून आळीपाळीने मागून आणलेल्या. एकाच गावात, एकाच विषयावर त्या वापरताना कोणती लेन्स कुठे कामाला येते हे नीट पाहता आलं.

नगर तालुक्यातलं हे गाव पर्जन्यछायेतलं. सरासरी पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांच्या जोरावर गावाचं रूप पालटलं. डोंगरउतारांवर समपातळी चर खोदले गेले, नाल्यांवर बांध पडले, विहिरींना पाणी आलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हा नियम गावाने स्वतःवर घालून घेतला. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. हे सगळं वाचलेलं असतं. पण फोटोत ते दाखवायचं कसं, हा प्रश्न उरतोच.

सुरुवात चरांपासून केली. चराच्या काठावर उभं राहून १८ मिलिमीटरने फोटो काढला की पायाजवळ मातीचा खड्डा दिसतो आणि मागचा डोंगर लहान होऊन लांब जातो. मुद्दा हरवतो, कारण चराचं महत्त्व एका खड्ड्यात नाही. एकाखाली एक अशा ओळींनी अख्खा उतार पाणी कसा अडवतो, यात आहे. त्यासाठी समोरच्या चढावर जावं लागलं. तिथून ५५-२५० ही साधी टेली लावून २०० च्या पुढे गेलं की त्या ओळी एकमेकींजवळ येतात आणि उताराची सगळी रचना एका चौकटीत मावते. सकाळचं तिरकं ऊन हवं. डोक्यावरच्या उन्हात चरांच्या कडांना सावलीच पडत नाही. उजेड भरपूर असतो, एफ ८ वर काम भागतं, म्हणून इथे महागडी एफ २.८ ची टेली लागत नाही. तिच्यासाठी मोजलेला जादा पैसा अंधारात आणि वेगवान हालचालीत उपयोगी पडतो, भर उन्हातल्या डोंगरावर नाही.

गोठ्यात मात्र हिशेब उलटा होतो. चराईबंदीमुळे इथे गवत कापून आणून जनावरांना घालतात. पाणी आलं, चारा आला आणि पूर्वी दीडशे लिटरच्या घरात असलेलं गावाचं दूध काही हजार लिटरवर गेलं. ही कमाई दिसते ती पहाटेच्या धारेच्या वेळी, एका बल्बच्या उजेडात. किट लेन्स ५० वर नेली की तिचं ॲपर्चर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडतं. एफ १.८ ची ५० मिलिमीटर प्राइम त्याच ठिकाणी जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे तेवढ्याच आयएसओवर १/१५ सेकंदाचा शटर १/१२५ च्या पुढे नेता येतो. किट लेन्समधलं स्टॅबिलायझेशन आपला थरथरता हात सावरतं. धार काढणाऱ्याचा हलता हात ते थांबवू शकत नाही. त्याला वेगवान शटरच लागतो. एक सांभाळायचं : जवळून एफ १.८ ला एक डोळा स्पष्ट आणि दुसरा पुसट येतो, म्हणून जमेल तिथे २.८ पर्यंत बंद केलेलं बरं.

नवी साधारण दहा हजारांच्या आसपास मिळणारी ही ५० बहुतेकांची पहिली खरेदी असते. पण आपल्या बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर छोटा, एपीएस-सी असतो. त्यावर ५० ची दृष्टी फुल फ्रेमवरच्या ७५-८० इतकी अरुंद होते. ओसरीवर बसलेल्या आजींचा चेहरा टिपायला ती झकास. गोठ्यात मात्र माणूस, गाय आणि बादली तिन्ही हवीत म्हणून मागे सरकावं, तर पाठ भिंतीला लागते. तिथे निकॉनची डीएक्स ३५ एफ १.८ किंवा कॅननची चपटी २४ एफ २.८ जास्त कामाची. २४ ला प्रकाश थोडा कमी मिळतो, पण काम जागेत मावतं. घरात, वर्गात, दुकानात माणसं टिपणाऱ्याने ५० च्या आधी यांचा विचार करावा.

पर्जन्यमापकाने आणखी एक गोष्ट शिकवली. मोजपात्रातली पाण्याची पातळी आणि शेजारची रेघ दोन्ही दिसायला हवीत. कॅननच्या ५० एसटीएमला किमान ३५ सेंटिमीटर अंतर लागतं, निकॉनच्या ५० एफ १.८ जीला ४५. किट लेन्स २५ पर्यंत जाते आणि हे काम तीच चोख करते. आणखी जवळ जायचं असेल तर मॅक्रो लेन्सआधी एक्स्टेन्शन ट्यूब पाहावी. आत काच नसलेली ही पोकळ नळी लेन्सला सेन्सरपासून दूर नेते, त्यामुळे जवळचा फोकस मिळतो.

हे मोजमाप गावात शोभेसाठी नसतं. पावसाळा सरला की किती पाऊस झाला, किती पाणी हाताशी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे येतो. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी, मग उरलेल्यात कोणती पिकं घ्यायची ते ठरतं. विद्यार्थ्याने खरेदीआधी हीच शिस्त पाळावी. आपल्या प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये फोकल लेंथ, ॲपर्चर, शटर आणि आयएसओची नोंद असते. डिजीकॅमसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते फोटो फोकल लेंथप्रमाणे लावून पाहावेत. निवडलेले चांगले फोटो १८ जवळ दाटले असतील तर ओढ रुंद दृश्याची आहे. ५५ ला अडले असतील तर टेलीची गरज खरी आहे. सगळीकडे आयएसओ चढलेला असेल तर उणीव प्रकाशाची आहे, झूमची नाही.

गरज कळली की बाजार गाठावा. मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात नवं-जुनं दोन्ही मिळतं. सेकंडहँड घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून आत टाकून पुढून पाहावं. बारीक धुळीने काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती लेन्स परत द्यावी. मागच्या काचेवरचा ओरखडा पुढच्यापेक्षा जास्त नडतो. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल नको. शेवटी दुकानातच आपल्या कॅमेऱ्याला लावून वर्तमानपत्राच्या सपाट पानाचा पूर्ण उघड्या ॲपर्चरवर समोरून फोटो घ्यावा आणि चारही कोपरे मोठे करून वाचावेत. एकच कोपरा पुसट असेल तर आतली काच सरकलेली असू शकते. निकॉनवाल्यांनी आणखी एक पाहावं : जुनी ५० एफ १.८ डी स्वस्त मिळते, पण डी ३५०० किंवा डी ५६०० मध्ये फोकसची मोटर नसल्याने तिचा ऑटोफोकस तिथे चालत नाही.

कमी पैसे असणं ही विद्यार्थ्याची अडचण आहेच. पण त्यामुळे विषयाजवळ जाऊन, अंतर मोजून, उजेड पाहून ठरवायची सवय लागते. म्हणून किट लेन्सवर एक विषय तडीस न्यावा, मग नोंदी सांगतील ती एकच प्राइम घ्यावी, टेली मित्रांत मिळून वापरावी. उरलेले पैसे एसटीच्या तिकिटाला ठेवावेत, कारण त्याच डोंगरावर, त्याच गोठ्यात पुन्हा जाण्याने फोटो जितका सुधारतो, तितका तो कोणत्याही नव्या काचेने सुधारत नाही.