इंग्रजी बातमीतला एक शब्द चुकला की अर्थाचा अनर्थ! शेअर करण्याआधी ‘हे’ फरक ओळखा

अपघाताच्या इंग्रजी बातमीत एक वाक्य आहे: ‘हेल्मेट मे हॅव सेव्हड हिम’. मग दुचाकीस्वार वाचला की गेला? बातमीतली गडबड नेमकी अशाच ठिकाणी होते.

मे हॅव की माइट हॅव?
‘मे हॅव सेव्हड’ म्हणजे हेल्मेटमुळे तो वाचला असावा. तो दगावला असेल, तर ‘माइट हॅव सेव्हड’ हवे. म्हणजे हेल्मेट असते, तर तो वाचला असता. ‘माइट’ पहिल्या अर्थानेही चालते, पण घडून गेलेल्या मृत्यूबद्दल ‘मे’ लिहिले की वाचणारा फसतो.

रिफ्यूट की डिनाय?
नेत्याने आरोप ‘रिफ्यूट’ केले, असे सर्रास छापून येते. ‘डिनाय’ म्हणजे आरोप फेटाळणे. ‘रिफ्यूट’चा काटेकोर अर्थ पुरावे देऊन आरोप खोडून काढणे. नेता फक्त ‘हे खोटे आहे’ एवढेच म्हणाला असेल आणि बातमीत ‘रिफ्यूट’ आले, तर पत्रकाराने नकळत त्याच्या बाजूने निकालच दिला! म्हणूनच असोसिएटेड प्रेसची शैलीपुस्तिका या शब्दाबाबत पत्रकारांना सावध करते.

हंग की हँग्ड?
‘हँग’ या क्रियापदाची भूतकाळी रूपे दोन. भिंतीवर चित्र टांगले तर ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’. इथे अर्थ सहसा बदलत नाही, पण प्रमाण लेखनात ही चूक मानली जाते.

अलेज्ड अक्यूज्ड?
ही चूक मराठीतही ‘कथित आरोपी’ म्हणून दिसते. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवला आहे, तो आरोपीच. त्यात ‘कथित’ काही नाही. सिद्ध व्हायचा असतो तो गुन्हा, म्हणून ‘कथित’ किंवा ‘अलेज्ड’ हा शब्द गुन्ह्याला लावायचा. उलट, खटला सुरू असताना एखाद्याला थेट ‘मर्डरर’ म्हणणे म्हणजे न्यायालयाआधीच त्याला दोषी ठरवणे.

मग वाचकाने काय करावे?
सोपा उपाय आहे. शंका आली की ते वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. ‘वाचला असावा’ की ‘वाचला असता’? ‘फेटाळले’ की ‘खोडून काढले’? ‘आरोपी’ की ‘दोषी’? मग तोच अर्थ पुढच्या मजकुरातून निघतो का, ते तपासा. निघत नसेल, तर नुसत्या मथळ्याचा स्क्रीनशॉट पुढे पाठवू नका. एखाद्याची बदनामी व्हायला तेवढा एक शब्द पुरतो.