एक्स-रेची अमानत

यंत्रमागावरच्या कामगाराच्या छातीचा एक्स-रे काढला, की ती गोष्ट त्याची आणि डॉक्टरांची. पण क्षयाची शंका निघाली आणि बातमी मोहल्ल्यात फुटली, तर रोजगार जातो आणि ठरत आलेली सोयरीकही मोडते. पूर्वी फिल्म पाकिटातून घरी येत असे. आता चित्र संगणकावर निघते आणि परगावच्या डॉक्टरांकडे इंटरनेटवरून जाते. डायकॉम नावाच्या त्या फायलीत नुसती छाती नसते. रुग्णाचे नाव, जन्मतारीख, नोंदणी क्रमांक सारे तिच्यातच असते. फेब्रुवारी 2020 मध्ये ग्रीनबोन या जर्मन कंपनीने जाहीर केले, की भारतातील 12 कोटींहून अधिक अशी चित्रे इंटरनेटवर उघडी आहेत. त्यात महाराष्ट्र सर्वांत पुढे होता. कोणी कुलूप तोडले नव्हते, कुलूपच नव्हते.

हे कुलूप म्हणजे कूटलेखन. 2001 साली अमेरिकेने प्रमाण मानलेली एईएस पद्धत आज जगभर चालते. किल्लीप्रमाणे चित्रातील आकड्यांची अशी उलथापालथ होते, की बिनकिल्लीच्या माणसाला पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसाव्यात.

दुसरी युक्ती लपवण्याची. कापडात एखादाच वेगळा धागा घालून आपला माल ओळखता येतो, गिऱ्हाइकाला तो दिसतही नाही, तसेच हे. चित्र बारीक ठिपक्यांचे असते, आणि साध्या चित्रात प्रत्येक ठिपक्याची छटा 0 ते 255 पैकी एका आकड्याने लिहितात. 150 चा 151 केला तर डोळ्याला कळत नाही. सम आकडा म्हणजे शून्य, विषम म्हणजे एक, असे ठरवले की हजारो ठिपक्यांत रुग्णाचे नाव मावते.

पण ही छाती आहे, साडी नव्हे. डॉक्टर बारीकसा डागही पाहतात, तेव्हा फेरफार राहून कसा चालेल? म्हणून उलटवता येणारी पद्धत निघाली: नाव काढून घेतले की चित्र ठिपका न् ठिपका पूर्ववत. 2011 साली शांघाय विद्यापीठाच्या शिनपेंग झांग यांनी कुलूपबंद चित्रातच अशी नोंद लपवण्याची रीत मांडली. म्हणजे साठवण करणाऱ्याने पेटी न उघडताच आपली चिठ्ठी आत सरकवायची.

एक अडचण आम्हांला महत्त्वाची वाटते. चित्राचा मोबाइलवर फोटो काढला किंवा ते दाबून लहान केले, की सम-विषमाचा हिशेब बिघडतो आणि लपवलेले नाव बहुधा हरवते. सोनोग्राफीत तर नाव अनेकदा चित्राच्या कोपऱ्यातच छापलेले असते. फायलीतून ते पुसले तरी तिथे राहतेच. पाठवण्याआधी कोपरा काळा करून घ्यावा लागतो.