डोकं डावं की उजवं?

भाचीचा मुलगा सातवीत आहे, डावखुरा. गंगापूर रोडवरच्या एका क्लासवाल्यांनी त्याच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि रंगीत फाइल हातात ठेवली. उजवा मेंदू ६२ टक्के, डावा ३८. चित्रकला, संगीत उत्तम. गणितात फार अपेक्षा ठेवू नका. भाची विचारायला आली, "मामा, गणिताची शिकवणी बंद करू का?"

आधी त्या टक्क्यांचं बोलू. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात सहाव्या महिन्याच्या आतच ठरून जातात. त्यांवरून मुलाची बुद्धी सांगणाऱ्या या 'डीएमआयटी' चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्येच सांगून टाकलंय. तरी फाइली छापल्या जातातच.

पण डाव्या-उजव्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही, म्हणून तर ती खपते. घरात कुणाला लकवा झाला असेल तर पाहिलं असेल, उजवी बाजू गेली की बरेचदा वाचाही जाते. शरीराची उजवी बाजू मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाच्या ताब्यात असते आणि बहुतेकांच्या भाषेचं ठाणंही तिथेच. पॅरिसच्या पॉल ब्रोकाने १८६१ मध्ये एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. हा माणूस जवळजवळ 'तां' एवढंच बोलू शकायचा. इजा सापडली ती डावीकडे, पुढच्या बाजूला.

गोष्टीला खरा रंग चढला १९६० नंतर, अमेरिकेत. औषधांना न जुमानणाऱ्या फिट्स थांबाव्यात म्हणून काही रुग्णांच्या मेंदूचे दोन अर्धे भाग जोडणारा तंतूंचा जुडगा डॉक्टरांनी कापला. साधारण २० कोटी तंतू असतात त्यात. रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी अशा रुग्णांना समोरच्या ठिपक्यावर नजर खिळवायला सांगून डावीकडे क्षणभर एखादं चित्र झळकवलं. समजा, चमच्याचं. डावीकडचं दृश्य पोचतं उजव्या भागात. काय दिसलं? "काहीच नाही." मग पडद्याआडच्या वस्तू डाव्या हाताने चाचपायला सांगितल्या, तर हाताने नेमका चमचा उचलला! हाताला ठाऊक, तोंडाला पत्ता नाही. स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

गाडी घसरली ती इथून. पूल तुटलेल्या मोजक्या माणसांचं निरीक्षण मासिकांनी आणि क्लासवाल्यांनी धडधाकट माणसांना चिकटवलं: डावा मेंदू म्हणजे हिशेबनीस, उजवा म्हणजे कलावंत. तुमच्या-माझ्या डोक्यात तो पूल शाबूत आहे. इकडची खबर डोळ्याचं पातं लवायच्या आत तिकडे जाते. युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये ७ ते २९ वयाच्या १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. ठरावीक कामं एका बाजूला जास्त चालतात, हे दिसलं. पण ज्याचा अख्खा डावा किंवा अख्खा उजवा मेंदूच वरचढ आहे, अशी माणसांची जात काही सापडली नाही.

डावखुऱ्यांचा उजवा मेंदू जोरात, हीसुद्धा अशीच एक समजूत. डावखुऱ्यांपैकीही सुमारे ७० टक्क्यांची भाषा डावीकडेच असते.

राहिलं गणित. पाढे म्हणताना भाषेचा डावा भाग कामाला लागतो, पण कुठली संख्या मोठी, किती मोठी, हा अंदाज दोन्ही बाजू मिळून करतात. भाचीला हे सांगत बसण्यापेक्षा मी पोराला हाक मारली आणि आपल्या देवळालीच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांचा १९४९ मधला खेळ दाखवला. कुठलीही चार आकडी संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लाव, मग चढत्या, वजाबाकी कर. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच.

दारातल्या स्कूटरच्या एमएच १५ पाटीवर ३५२४ होतं. ५४३२ वजा २३४५, ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, ६१७४. "आता पुढे कर," म्हटलं. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथेच येऊन थांबते.

त्याने शेजाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर उतरवायला घेतले. क्लासवाल्यांची फाइल पालथी करून, तिच्या कोऱ्या पाठीवर, डाव्या हाताने.